घरात न विचारता आलेली फोल्डरं

संगणकावर फाईल मॅनेजर उघडलं की डाव्या बाजूला, बहुतेक वेळा सगळ्यात वर, घराचं एक छोटं चित्र असतं आणि त्यापुढे ‘होम’ असं लिहिलेलं असतं. विंडोज वापरणाऱ्यांना हेच घर ‘यूझर्स’ नावाच्या फोल्डरात आपल्या नावाने सापडतं. बाकीचा सगळा संगणक यंत्र चालवणाऱ्या प्रणालीचा, तिथे हात लावू नका. हा एवढा कोपरा मात्र तुमचा, असा हा अलिखित करार आहे. तुमचे फोटो, अर्ज, मुलांच्या मार्कशीट, वडिलांच्या जमिनीचे स्कॅन केलेले कागद, सगळं इथे राहतं.

काही महिने गेले की याच घरात अनोळखी नावं दिसायला लागतात. एखादं ‘गो’, एखादं ‘स्नॅप’, कुठे निव्वळ आकडे आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी. लपवलेल्या फायली दाखवण्याचा पर्याय चालू केला तर पन्नास-साठ नावं एकदम समोर येतात. यातलं एकही तुम्ही बनवलेलं नसतं.

पारशिवनीत तहसील कार्यालयात कामं घेऊन येणाऱ्या लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देणारी दुकानं आहेत. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, पीकविमा. एका संगणकावर एकच लॉगिन आणि त्या एका घरात अर्ध्या तालुक्याचे कागद. अशा दुकानांतले संगणक बिघडले की कधी कधी मला बोलावणं येतं, आणि एक प्रश्न ठरलेला असतो: “सर, हे फोल्डर कोनाचं हाय? उडवलं तर चालन का?” पहिल्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा देता येतं. दुसऱ्या अर्ध्याला मी थांबतो. हे थांबणं का पडतं, हे समजून घ्यायला साठेक वर्षं मागे जावं लागतं.

संगणकात माणसाला स्वतःचं घर मिळालं ते १९६० च्या दशकात. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये सीटीएसएस नावाची प्रणाली चालवून दाखवली. एकच अवाढव्य यंत्र, पण अनेक माणसं वेगवेगळ्या टर्मिनलवर बसून ते एकाच वेळी वापरणार. यंत्र सामायिक झालं की कोणाच्या फायली कोणत्या, हा प्रश्न आलाच. म्हणून प्रत्येकाच्या नावाची वेगळी जागा आली. पुढे मल्टिक्स आली, आणि मल्टिक्सच्या अनुभवातून १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या हातून युनिक्स जन्मली. आजचे लिनक्स, मॅक आणि अँड्रॉइड फोन हे सगळे कुठल्या ना कुठल्या नात्याने तिच्याच घराण्यातले.

सुरुवातीच्या युनिक्समध्ये माणसांची घरं ‘यूएसआर’ नावाच्या फोल्डरात होती. यूएसआर म्हणजे यूझर, वापरणारा. केन यांचं घर तिथे, डेनिस यांचं घर तिथे. पण त्या काळच्या डिस्क फार लहान होत्या, आजच्या फोनमधला एक फोटो मावणार नाही इतक्या. प्रणालीचे स्वतःचे प्रोग्राम वाढत गेले, त्यांची जागा भरली, तेव्हा ते शेजारच्या डिस्कवर सरकवले गेले. शेजारची डिस्क म्हणजे यूएसआर, माणसांची वस्ती. काही वर्षं माणसं आणि प्रोग्राम तिथे एकत्र नांदले. मग माणसांचीच घरं उठवून दुसरीकडे नेली गेली आणि त्या नव्या वस्तीला पुढे ‘होम’ हे नाव रूढ झालं. यूएसआर आजही प्रत्येक लिनक्स यंत्रात आहे. त्यात एकही माणूस राहत नाही. नंतरच्या पिढ्यांनी त्या तीन अक्षरांचा ‘युनिक्स सिस्टिम रिसोर्सेस’ असा नवा अर्थही लावून घेतला. वस्ती गेली तरी गावाचं नाव राहतं आणि नव्या रहिवाशांना त्याची नवी व्युत्पत्ती सुचते, हे आपल्याकडेही घडतंच.

म्हणजे सॉफ्टवेअरने माणसाच्या जागेत शिरणं हा आजचा बिघाड नाही. अगदी पहिल्या पिढीपासून ती रीत आहे.

लपवलेल्या फायलींची गोष्ट तर याहून मजेदार आहे. ती सांगितली रॉब पाईक यांनी. ते स्वतः बेल लॅब्जमधले, थॉम्पसन आणि रिची यांचे सहकारी. २०१२ मध्ये त्यांनी लिहिलं की डॉटने सुरू होणारी फाईल लपलेली असते हा नियम कोणी विचार करून केलेलाच नाही. युनिक्सच्या फाईलव्यवस्थेत प्रत्येक फोल्डरात दोन खास नोंदी असतात. एक टिंब म्हणजे ‘हेच फोल्डर’, दोन टिंबं म्हणजे ‘याच्या वरचं फोल्डर’. फायलींची यादी मागितली की या दोन नोंदीही दिसायच्या, आणि ते विचित्र वाटायचं. म्हणून केन किंवा डेनिस यांच्यापैकी कोणीतरी यादी देणाऱ्या प्रोग्राममध्ये एक सोपी तपासणी घातली: नावाचं पहिलं अक्षर टिंब असेल तर ते नाव दाखवू नकोस. खरं तर ‘पूर्ण नाव एक टिंब असेल किंवा दोन टिंबं असतील तर’ असं लिहायला हवं होतं. लिहिणाऱ्याची दोन ओळींची मेहनत वाचली, आणि टिंबाने सुरू होणारं कोणतंही नाव कायमचं अदृश्य झालं.

पाईक यांची तक्रार पुढची आहे. ही फट सापडल्यावर प्रोग्राम लिहिणाऱ्या आळशी लोकांना आयतं कपाट मिळालं. आपल्या प्रोग्रामच्या आवडीनिवडी, नोंदी, तात्पुरता पसारा, सगळं वापरणाऱ्याच्या घरात टाकायचं आणि नावापुढे टिंब लावायचं. त्याला दिसणार नाही, म्हणजे तो विचारणारही नाही. बेल लॅब्जच्याच लोकांनी पुढे प्लॅन नाइन नावाची नवी प्रणाली बांधली. तिच्यात लपवलेली फाईल हा प्रकारच ठेवला नाही; प्रोग्रामच्या सेटिंगसाठी घरात ‘लिब’ नावाचं एक उघडं फोल्डर दिलं. पण प्लॅन नाइन फार कोणी वापरली नाही. जग टिंबाच्या वाटेनेच गेलं.

घराची दोन नावंही त्याच काळात पक्की झाली. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत, प्रत्येक प्रोग्रामला घराचा पत्ता सांगणारं ‘होम’ नावाचं पर्यावरण-चल आलं. आणि घर म्हणून टिल्ड, म्हणजे ती नागमोडी रेघ, वापरण्याची सवय बर्कलीच्या बिल जॉय यांच्या सी-शेलमुळे पसरली. जॉय यांच्यासमोर एडीएम-३ए जातीचं टर्मिनल होतं आणि त्याच्या कीबोर्डवर ‘होम’ हा शब्द आणि ती नागमोडी रेघ एकाच बटणावर छापलेली होती. एवढंच कारण. आता कोणत्याही प्रोग्रामला तुमचं घर शोधायला दोन अक्षरं टाईप करायची गरज उरली नाही. मी हे कौतुकाने सांगतोय, पण पत्ता सोपा झाला की पाहुणेही वाढतात.

इथे मला आपल्याकडचं एक जुनं चित्र आठवतं. कामाचे कागद घरात ठेवणं ही आपली शतकांची रीत होती. गावचा हिशेब कुलकर्ण्याच्या घरात, परगण्याचं दप्तर देशमुख-देशपांड्यांच्या वाड्यात, निकाहाच्या नोंदी आणि सनदा काझींच्या घरात. वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात त्यांचं दप्तर राहिलं, म्हणून तर ते मेणवली दप्तर या नावाने ओळखलं जातं. कागद कापडात बांधून त्याचा रुमाल करायचा. रुमाल म्हणजे त्या काळचं फोल्डरच. पुण्यातल्या पेशवे दप्तरात असे हजारो रुमाल आहेत, गो. स. सरदेसाईंनी त्यातून निवडून १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड प्रसिद्ध केले. दप्तर, रुमाल, सनद, कारकून, जमा, खर्च हे शब्द फारसी-अरबीतून येऊन मराठीच्या घरात कायमचे राहिले. त्यांना कोणी अनोळखी फोल्डर म्हटलं नाही, ही गोष्ट आता वेगळी.

पण त्या दप्तरात आणि आपल्या विषयात मोठा फरक आहे. ज्याच्या घरात रुमाल होता त्याला तो आपल्या घरात का आहे हे माहीत होतं. ते त्याचं वतन होतं. त्यावर त्याचा मान आणि पोट चालायचं. काझींच्या घरातल्या पोरालाही माहीत असायचं की कोणत्या पेटीला हात लावायचा नाही. कोणता कागद रद्दी आणि कोणता सात पिढ्या सांभाळायचा, हे ज्ञान कागदाबरोबरच पुढच्या पिढीकडे जायचं. जिथे ते गेलं नाही, तिथे रुमाल वाण्याच्या पुड्या बांधायला गेले, आणि इतिहास संशोधक अजून हळहळतात. आपल्या संगणकात मात्र वस्तू येते आणि तिच्याबद्दलची माहिती येत नाही. आमच्याकडे तलाठ्याला अजून पटवारीच म्हणतात. त्या पटवाऱ्याच्या सातबाऱ्यावरसुद्धा ‘इतर हक्क’ असा रकाना असतो. तुमच्या शेतात दुसऱ्या कोणाचा काय हक्क आहे तो तिथे लिहून ठेवावा लागतो. होम फोल्डरला असा रकाना कधीच नव्हता.

रकाना नसल्याने काय होतं, याचा सगळ्यात विनोदी दाखला एसक्यूलाइटचा आहे. एसक्यूलाइट हा माहिती साठवण्याचा छोटा घटक आहे. रिचर्ड हिप यांनी तो २००० मध्ये लिहिला आणि आज तो तुमच्या फोनमध्येही आहे. त्याला कामापुरत्या काही तात्पुरत्या फायली बनवाव्या लागतात आणि त्यांची नावं पूर्वी ‘एसक्यूलाइट’ या शब्दाने सुरू व्हायची. मॅकॅफीने आपल्या अँटिव्हायरसमध्ये हा घटक वापरायला सुरुवात केली, आणि विंडोजच्या टेम्प फोल्डरात या नावाच्या फायली जमू लागल्या. लोक चिडले. त्यांनी ते नाव गूगलवर शोधलं, एसक्यूलाइट लिहिणाऱ्यांचे फोन नंबर मिळवले आणि रात्री-अपरात्री फोन करून त्यांना झोपेतून उठवून तक्रारी केल्या. शेवटी २००६ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी उपाय केला तो असा की फायलींचं नाव उलटं लिहायचं, ‘एटिलक्यूएस’. आता शोधून काही सापडत नाही. हा सगळा किस्सा त्यांनी स्वतःच आपल्या प्रोग्रामच्या मूळ मजकुरात टिपेसारखा लिहून ठेवला आहे. मला हिप यांच्याबद्दल सहानुभूती आहे, झोप प्रत्येकाला हवी. पण उपाय कोणता निघाला पाहा. फाईल कोणाची आहे हे सांगण्याऐवजी ती कोणाची आहे हे कळूच नये, याची सोय झाली.

पेन ड्राइव्हच्या दिवसांत हा गोंधळ आमच्यासारख्या गावांत घरोघरी पोचला. नागपूरच्या छपाईवाल्याकडे लग्नपत्रिकेचं डिझाईन द्यायचं, पारशिवनीला आणून उघडायचं. फोटोंच्या प्रत्येक फोल्डरात ‘थंब्ज डॉट डीबी’ असायचं; ते विंडोज फोटोंची लहान चित्रं साठवायला बनवायची. छपाईवाल्याकडे मॅक असेल तर ‘डॉट डीएस स्टोअर’ यायचं. मॅकवर ती लपलेली, आपल्याकडे उघडी. यातून काहीच नुकसान नव्हतं. पण त्याच पेन ड्राइव्हवर ‘रिसायकलर’ नावाचं फोल्डरही असायचं. हे नाव विंडोजच्या कचराकुंडीचं म्हणून ओळखीचं, आणि नेमका त्याचाच आडोसा घेऊन २००८ च्या अखेरीस आलेला कॉन्फिकर हा व्हायरस पेन ड्राइव्हवरून पसरायचा. निरुपद्रवी पसारा आणि विषारी पसारा दोन्ही सारखेच दिसत होते. लोकांनी यातून दोन टोकाच्या सवयी लावून घेतल्या. काही जण अनोळखी दिसेल ते सगळं उडवतात, काही जण कशालाच हात लावत नाहीत. दोन्ही सवयी मला अजून भेटतात.

मायक्रोसॉफ्टने थंब्जच्या बाबतीत पुढे सुधारणा केली, हे सांगायला हवं. व्हिस्टापासून ती लहान चित्रं प्रत्येक फोल्डरात न सांडता एका ठरलेल्या जागी जाऊ लागली. पण २०१५ मध्ये विंडोज १० आलं तेव्हा त्याच कंपनीने लोकांच्या सी ड्राइव्हवर डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारं एक लपलेलं फोल्डर बनवून त्यात नव्या विंडोजचा अनेक जीबींचा साठा आधीच उतरवून ठेवला. ज्यांनी विंडोज १० साठी नाव नोंदवलं नव्हतं त्यांच्याकडेही. सप्टेंबरमध्ये बोभाटा झाल्यावर कंपनीने ते मान्य केलं. तेव्हा आपल्याकडे महिन्याला एक-दोन जीबीचे डोंगल चालायचे. महिन्याचं इंटरनेट आठवडाभरात का संपलं याचं उत्तर एका लपलेल्या फोल्डरात होतं, आणि ते शोधायचं कसं हे तालुक्याच्या गावात कोण सांगणार?

या सगळ्यावर विचारपूर्वक तोडगा काढण्याचा एक प्रयत्न मात्र झाला, आणि माझ्या मते या इतिहासातलं सगळ्यात शहाणं पान तेच आहे. हॅवॉक पेनिंग्टन यांनी २००० मध्ये फ्रीडेस्कटॉप हा प्रकल्प सुरू केला. लिनक्सच्या वेगवेगळ्या डेस्कटॉपनी काही गोष्टी एकाच रीतीने कराव्यात, हा त्याचा हेतू. त्यातून काही वर्षांत घरातल्या पसाऱ्यासाठी एक नियमपत्र निघालं. त्याला एक्सडीजी बेस डिरेक्टरी असं अवजड नाव आहे. गाभा साधा आहे. प्रोग्रामने घरात काहीही टाकण्याआधी ठरवायचं की ही वस्तू कोणत्या जातीची. आवडीनिवडी आणि सेटिंग असतील तर ‘कॉन्फिग’मध्ये. जपून ठेवायचा साठा असेल तर ‘शेअर’मध्ये. पुन्हा तयार करता येईल असा तात्पुरता पसारा असेल तर ‘कॅश’मध्ये. २०२१ मध्ये यात ‘स्टेट’ ही चौथी जागा आली, म्हणजे तुम्ही कुठपर्यंत आला होता याच्या नोंदी.

वरवर पाहता ही फक्त कपाटाच्या खणांची मांडणी वाटते. पण दुकानातला तो दुसरा अर्धा प्रश्न आठवा: उडवलं तर चालेल का? कॅशमधलं उडवा, काही बिघडणार नाही, फार तर प्रोग्राम पुढच्या वेळी थोडा हळू उघडेल. कॉन्फिग उडवलं तर सेटिंग पुन्हा करावी लागेल. साठा उडवला तर गेला. सॉफ्टवेअरने कंपनीचं नाव फोल्डरावर लिहिण्यापेक्षा ही एक गोष्ट सांगणं वापरणाऱ्याच्या जास्त उपयोगाचं आहे. हे नियमपत्र ऐच्छिक होतं, आणि ऐच्छिक गोष्टीचं जे होतं तेच झालं. काहींनी पाळलं, काहींनी नाही. फायरफॉक्सकडे ही मागणी २००४ मध्येच नोंदवली गेली होती. ती दोन दशकांहून अधिक काळ उघडीच राहिली आणि घरातलं ‘डॉट मोझिला’ जागचं हललं नाही.

मग आली न लपवता घरात बसणारी फोल्डरं. गूगलमध्ये तयार झालेली गो ही भाषा २००९ मध्ये जाहीर झाली. तिच्यात काम करायचं तर कामाचं फोल्डर कुठे ठेवायचं हे वापरणाऱ्याने आधी सांगावं लागायचं. नवशिके तिथेच अडकत. म्हणून २०१७ च्या फेब्रुवारीत आलेल्या १.८ आवृत्तीत ठरलं की कोणी काही सांगितलं नाही तर घरात ‘गो’ नावाचं फोल्डर आपणच घ्यायचं. नवशिक्यांची सोय झाली, हे खरंच. पण ज्याला भाषा शिकायची नाही, फक्त त्या भाषेत लिहिलेलं एखादं साधन बांधून वापरायचं आहे, त्याच्याही घरात ‘गो’ अवतरलं. त्यात भर म्हणजे त्याच्या आतली उतरवून घेतलेली मॉड्यूलं फक्त वाचण्यापुरती खुली ठेवलेली असतात, नेहमीच्या आज्ञेने पुसायला गेलं की परवानगी नाही असं उत्तर येतं. त्यासाठी वेगळी आज्ञा आहे, पण ती माहीत असायला हवी. घर तुमचं, फोल्डर न विचारता आलेलं, आणि काढायला गेलात तर परवानगी नाही! या भाषेच्या तीन जनकांत रॉब पाईक आणि केन थॉम्पसन दोघेही आहेत, याचा मी कधी कधी विचार करतो. उघडं फोल्डर ठेवण्यामागे टिंबाबद्दलचा तो जुना राग असेल का? असेलही. माझा आपला तर्क.

उबुंटूच्या १६.०४ आवृत्तीबरोबर २०१६ मध्ये कॅनॉनिकल कंपनीने स्नॅप नावाची प्रोग्राम बसवण्याची नवी पद्धत आणली आणि घराच्या ऐन ओट्यावर ‘स्नॅप’ हे फोल्डर आलं. लोकांनी त्याच वर्षी तक्रार नोंदवली की हे जरा आतल्या खोलीत न्या. शेकडो लोकांनी त्याला दुजोरा दिला. वर्षानुवर्षं ते तसंच राहिलं. पुढे लपवून ठेवण्याची एक प्रायोगिक सोय तेवढी दिली गेली. गंमत म्हणजे स्नॅपमधल्या प्रोग्रामला घरात फिरायची परवानगी दिली तरी ती टिंबाच्या फायलींना लागू होत नाही. पाईक सांगतात त्या दोन ओळींच्या आळसाचं पन्नासेक वर्षांत असं कुंपण झालं. या फोल्डरावर चिडणाऱ्यांच्या बाजूने मी पूर्ण नाही. लपून राहिलेल्या पाहुण्यापेक्षा ओट्यावर बसलेला मला परवडतो, निदान तो आहे हे दिसतं. माझा आक्षेप दुसरा आहे. त्याने येताना सांगितलं नाही आणि त्याच्या सामानातलं काय टाकाऊ, काय मौल्यवान याची चिठ्ठी सोबत नाही.

चिठ्ठी नसली की किती महाग पडतं याची दोन उदाहरणं नोंदलेली आहेत. २०१५ च्या जानेवारीत लिनक्सवर स्टीम ही खेळांची सेवा वापरणाऱ्या एकाने घरातलं स्टीमचं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर हलवलं. आपल्याच घरातलं सामान, हलवायचा हक्क आहेच. पण स्टीम सुरू करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये आधी स्वतःचा पत्ता शोधायचा आणि मग गरज पडली तर त्या पत्त्याखालचं सगळं पुसायचं, अशी व्यवस्था होती. फोल्डर हललेलं असल्यामुळे पत्ता निघाला कोरा. कोऱ्या पत्त्यापुढे तिरपी रेघ लागली की त्याचा अर्थ होतो संपूर्ण संगणक. त्या माणसाच्या अखत्यारीतली प्रत्येक फाईल गेली. सोबत जोडलेली बॅकअपची डिस्कही गेली. त्या ओळीजवळ लिहिणाऱ्यानेच ‘भीतीदायक’ अशा अर्थाची टीप घातलेली होती. भीती वाटली, टीप लिहिली, आणि पुढे गेला.

दुसरं २०२४ च्या जूनचं. लिनक्समध्ये सिस्टिमडी नावाचा मोठा कारभारी असतो. त्याचं एक साधन तात्पुरत्या फायली सांभाळतं, त्याच्या नावातच ‘टेम्प’चं लघुरूप आहे. नव्या आवृत्तीत त्याला ‘पर्ज’ असा पर्याय मिळाला: यादीत असलेलं सगळं साफ कर. एकाने भोळेपणाने तो चालवला. पण त्या साधनाच्या यादीत ‘होम’ही होतं, कारण घर नसेल तर ते बांधून देणं हेसुद्धा त्याच साधनाकडे सोपवलेलं होतं. तात्पुरत्या फायलींबरोबर घर साफ झालं. लगेचच्या दुरुस्तीत हा पर्याय नेमकी यादी दिल्याशिवाय चालणार नाही अशी अट घातली गेली. नावावर विश्वास ठेवणारा माणूस मूर्ख ठरवला गेला नाही, याचं मला समाधान वाटलं; पहिल्या एक-दोन दिवसांत तसा सूर लागला होता.

आता हे सगळं संगणकवाल्यांचं झालं. आमच्या भागात बहुतेक माणसांचं खरं घर म्हणजे फोनची मेमरी. अँड्रॉइडमध्ये अनेक वर्षं असं होतं की स्टोरेजची परवानगी एकदा दिली की कोणतंही ॲप त्या सामायिक जागेत कुठेही, कोणत्याही नावाचं फोल्डर उघडायचं. ॲप काढून टाकलं तरी फोल्डर तिथेच. त्यात कॅमेऱ्याचं ‘डीसीआयएम’, जे डिजिटल कॅमेऱ्यांच्या जपानी मानकातून आलं आणि ज्याचा अर्थ कोणालाच ठाऊक नसतो, तेही. २०१९ मध्ये अँड्रॉइड १० आणि २०२० मध्ये ११ आल्यावर गूगलने हे आवळायला घेतलं. प्रत्येक ॲपला स्वतःची बंदिस्त खोली, ॲप गेलं की खोलीही रिकामी. एक्सडीजीने विनंती केली ती गोष्ट इथे सक्तीने झाली. सक्तीचे तोटे आहेत, आपल्याच फोनमधल्या काही खोल्या आता आपल्यालाही उघडता येत नाहीत. तरीही मी या बदलाच्या बाजूने आहे, आणि त्याचं कारण आमच्याच मोहल्ल्यातलं आहे.

आमच्या एका चाचींचा धाकटा मुलगा बाहेरगावी कामाला होता. तो लिहून निरोप पाठवत नसे, बोलून पाठवायचा. चाचींना वाचता येत नाही म्हणून. तो गेल्यानंतर त्या रोज मगरिबनंतर फोनमध्ये त्याचा आवाज ऐकायच्या. पुढे फोन भरला, अडकायला लागला. घरातल्या एका मुलाने प्रामाणिकपणे साफसफाई केली. ॲपच्या फोल्डरात आत आणखी फोल्डरं होती, नावं म्हणजे नुसते सहा-सहा आकडे. वर्ष आणि आठवडा जोडून बनवलेले ते आकडे. ज्याला हे माहीत नाही त्याला ती कचऱ्याचीच वाटणार. त्याने ती सगळी उडवली. चॅटमध्ये निरोपांच्या पट्ट्या तशाच दिसत होत्या, फक्त दाबल्यावर आवाज येत नव्हता.

फोन माझ्याकडे आला तोपर्यंत त्या जागेवर दुसरं बरंच काही लिहिलं गेलं होतं. त्यातून काही निघालं नाही. मग मी विचारलं की तो आणखी कोणाला असे निरोप पाठवायचा का. थोरला मुलगा कामठीला असतो. ईदच्या आसपासचे काही निरोप दोघांनाही पाठवलेले निघाले. त्याच्या फोनमध्ये सात सापडले. सर्वांत लांब एक मिनिट चाळीस सेकंदांचा आहे, त्यात तो शीरखुर्म्यात खारका कमी घाला असं सांगतोय. आता ते चाचींच्या फोनमध्ये आहेत, एका मेमरी कार्डावर आहेत आणि माझ्या संगणकावर आहेत. फोल्डराला त्याच्याच नावाने नाव दिलं आहे, देवनागरीत.